मोटोव्हर्सला अजून जावं का? सांगलीहून निघणाऱ्यांसाठी गॅरेजवाल्याचं उत्तर

दसरा उरकला की आमच्या गॅरेजात एकच प्रश्न फिरायला लागतो. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर आमचं काम चालतं, बुलेट आणि तिच्या घराण्यातल्या गाड्या, बाकी काही नाही. पोरं सर्व्हिसिंगला गाडी लावतात, बाकड्यावर बसतात आणि विचारतात, "दादा, औंदा गोव्याला जाऊ का? का आता तिथं काय राहिलं नाही?"

गोवा म्हणजे वागातोरच्या हिलटॉपवर नोव्हेंबरात भरणारा रॉयल एनफिल्डचा मेळा. आधी त्याला रायडर मेनिया म्हणायचे, २०२३ पासून मोटोव्हर्स म्हणतात. शुक्रवार ते रविवार, तीन दिवस. २०२२ ला १८ ते २० नोव्हेंबर होता, २०२३ ला २४ ते २६, २०२४ ला २२ ते २४. म्हणजे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात धरून चालायचं. मी २०१४ ला पहिल्यांदा गेलो आणि तेव्हापासून सहा वेळा जाऊन आलोय. २०१९ ला गेलो नाही. त्या ऑगस्टात महापूर आला, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि दिवाळीनंतरही चिखल भरलेली इंजिनं आमच्या दारात रांगेनं पडून होती. दूधवाल्याची, एजंटची, शिक्षकाची गाडी बंद असताना मेळ्याचं नाव काढवत नव्हतं.

तर उत्तर असं आहे. स्वतः गाडी चालवत जाणार असाल आणि तिथं उतरून स्वतः काहीतरी करणार असाल, तर जा, अजूनही जा. नुसतं बघायला जायचं असेल तर ते पैसे गाडीच्या टायरला घाला.

बघण्यासारखं तिथं काही नाही असं नाही. पण बघायची गोष्ट आता घरबसल्या कळते. हिमालयन ४५० या नव्या गाडीची किंमत २४ नोव्हेंबर २०२३ ला त्याच मेळ्यात जाहीर झाली, सुरुवातीचा दर २ लाख ६९ हजार. मी तिथं गर्दीत उभा होतो. खिशातनं मोबाईल काढतोय तोवर सांगलीहून भाच्याचा मेसेज आला होता, आकड्यासकट. पुढच्या वर्षी गोअन क्लासिक ३५० तिथंच बाजारात आणली, २ लाख ३५ हजारांपासून. तीसुद्धा नंतर शोरूमला निवांत बसून बघता आली, कुणाचा धक्का न लागता. रात्रीच्या गाण्यांचंही तसंच. ज्याला गाणी ऐकायचीत त्यानं पुण्याला जावं, परत येणं तरी सोपं पडेल.

रेस बघायला म्हणून जाणाऱ्यांना तर मी सरळ अडवतो. मोटोव्हर्समध्ये मातीचा ट्रॅक असतो, चढाची स्पर्धा असते, पण तिथं उतरणारे बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे असतात. खरी रेस बघायची असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या तिथं होतात. २०२१ पासून कॉन्टिनेंटल जीटी ६५० ची वेगळी कप स्पर्धा सुरू आहे. सगळ्यांना एकाच जातीच्या गाड्या, त्यामुळं पुढं जातो तो हातावर आणि डोक्यावर. मला त्यात जास्त गोडी वाटते. एकाच वर्षी दोन्हीचा खर्च झेपणार नसेल आणि जीव रेसमध्ये अडकलेला असेल, तर रेल्वेनं तिकडं जा आणि गोवा सोडून द्या.

मग मेळ्याला कशासाठी जायचं? मला विचाराल तर पार्किंगसाठी.

२०२२ ची गोष्ट आहे. शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला पार्किंगच्या मैदानात फिरत होतो. रात्रीचा गोंगाट संपलेला, लोक अजून झोपलेले. एका कोपऱ्यात केरळ पासिंगची जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट उभी होती, उजव्या पायाला गिअर असलेली. तिच्याशेजारी लुंगी नेसलेले साठीतले एक गृहस्थ उकिडवे बसले होते. गाडी उलटी किक मारत होती. मला मल्याळम येत नाही, त्यांना हिंदी जेमतेम. मी खाली बसलो आणि पॉइंटच्या, म्हणजे उघडला की प्लगला ठिणगी पडते त्या जोडाच्या, झाकणाकडं बोट केलं. त्यांनी झाकण काढलं, खिशातनं सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद काढला, एक पट्टी फाडून पॉइंटच्या फटीत धरली आणि इंजिन हळूहळू फिरवलं. कागद घट्ट धरलेला असतो तोवर पॉइंट बंद, सुटला की उघडला. मी माझ्या वडिलांची पद्धत दाखवली. चावी चालू करून टाकीपुढच्या अँपिअरच्या काट्याकडं बघायचं, तो मधोमध आला की पॉइंट उघडला. त्यांनी कागद धरला, मी काटा बघितला. दोन्ही एकाच क्षणाला सुटले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पॉइंटची प्लेट केसभर सरकवली, डीकॉम्प म्हणजे इंजिनातला दाब सोडायची कळ दाबून पिस्टन जागेवर आणला आणि दुसऱ्या किकला गाडी लागली. तो ठोका ऐकून आजूबाजूच्या तंबूंतनं चार जण बाहेर आले.

आमच्या वडिलांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांची पद्धत हजार किलोमीटरवरनं आलेल्या माणसानं मान डोलावून पास केली. हे मला कुठल्या मोबाईलवर मिळालं असतं?

म्हणून सांगतो, सकाळ वाया घालवू नका. बहुतेक पोरं रात्री दोनपर्यंत जागतात आणि दुपारी उठतात. त्यांना मेळा म्हणजे फक्त स्टेज आणि दुकानं दिसतात. सकाळी सात ते दहा या वेळेत पार्किंग फिरा. नागालँडची गाडी दिसेल, पंजाबची दिसेल, कुणी सामान कसं बांधलंय, कुणी चेनला काय लावलंय, कुणाचा टायर किती झिजलाय, सगळं वाचता येतं. विचारलं की कुणीही सांगतं, आजवर मला कुणी झिडकारलेलं नाही.

दुसरं कारण मातीचा ट्रॅक. नाव द्यायचं असेल तर पहिल्या दिवशी सकाळीच द्या, नंतर रांग लागते. हेल्मेट पूर्ण तोंडाचं हवं, गुडघ्याला आणि कोपराला गार्ड हवेत, बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. नसतील तर आमच्याकडनं न्या, पण चपलेवर उतरू नका. मातीत पुढचा ब्रेक दाबायचा मोह होतो आणि तिथंच माणूस पडतो. वळणाला आत पाय सोडायचा, नजर वळणाच्या शेवटाला ठेवायची आणि मागचं चाक घसरलं तर घसरू द्यायचं, गॅस झटक्यानं सोडायचा नाही. हे शिकवणारे लोक तिथं असतात, त्यांच्याकडनं नीट शिकून घ्या. ते अंगात मुरलं की पावसाळ्यात चिखल झालेल्या रस्त्यावर गाडी सरकली तरी तुम्ही घाबरत नाही. आमच्याकडं येणारी एक मुलगी, मिरजेला नर्स आहे, २०२३ ला तिथं पहिल्यांदा मातीत उतरली. दोनदा पडली, तिसऱ्या फेरीला पूर्ण चक्कर मारली. आता रात्रपाळीवरनं येताना वाळूवर गाडी घसरली तरी हात थरथरत नाहीत, असं ती सांगते.

आता तयारीचं, इथं मी जरा लांबण लावणार.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. निदान दहा-पंधरा दिवस आधी करा आणि मग गाडी दोनेकशे किलोमीटर पळवा. खोललेली गोष्ट सैल राहिली असेल तर ती या दोनशे किलोमीटरांत बोलते. औदुंबरला एक फेरी, नरसोबाच्या वाडीला एक आणि एकदा पन्हाळ्याला सामान बांधून, मागं माणूस बसवून. सपाटीला कळत नाही ते पन्हाळ्याच्या चढ-उताराला कळतं, क्लच घसरतोय का, ब्रेकचा पॅड शेवटाला आलाय का.

क्लच वायर स्वतः बघायला शिका. लिव्हरच्या टोकाला वायरची गोळी असते, ती बाहेर काढून उजेडात धरा. आतली तार म्हणजे बारीक तारांचा पीळ असतो. त्यातली एक जरी तुटून केसासारखी उभी राहिली असेल तर वायर बदला, कारण उरलेल्या घाटातच तुटतात. नवी घेतलीत तर जुनी चांगली वायर फेकू नका. नव्या वायरीच्या बाजूनं तिच्याच वाटेनं ओवून टेपनं बांधून ठेवा. तुटली तर टाकी न काढता दहा मिनिटांत जोडता येते. चेन बोटानं वर-खाली करून इंच-सव्वा इंच हलली पाहिजे, त्याहून ताठ नको. सामान बांधल्यावर आणि माणूस बसल्यावर ती आणखी ताणते, हे लोक विसरतात. सोबत दोन फ्यूज, एक प्लग, प्लगपाना, पंक्चरचं किट आणि छोटा पंप ठेवा. गाडीला ट्यूब असेल तर ट्यूबही.

आणि फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर लावून जायचं असेल तर ते काम माझ्याकडं होत नाही. गावातनं जाताना आजारी माणसं असतात, लहान पोरं असतात. दंड होतो ते वेगळंच.

रस्ता. सांगलीहून वागातोर अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. अंकली, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोलीला महामार्ग, मग कागल, निपाणी. निपाणीहून उत्तूर-आजरा असं आत शिरता येतं, नाहीतर पुढं संकेश्वरला जाऊन गडहिंग्लजवरनं आजरा. नवख्यांना मी दुसरा सांगतो, रुंद आहे. पुढं आंबोली, दाणोली, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवीला गोवा लागतो आणि मग म्हापसा. महामार्गावर सहापदरीकरणाची कामं सुरू असतात तिथं वळवलेल्या रस्त्याची पाटी ऐनवेळी येते, वेग साठच्या वर नको.

गुरुवारी पहाटे पाचला निघा. म्हणजे आंबोलीचं धुकं उठल्यावर घाटात पोचाल आणि दुपारच्या जेवणाला सावंतवाडीत असाल. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेक दाबत उतरलात तर डिस्क तापते आणि दाणोलीला पोचेपर्यंत लिव्हर मऊ लागायला लागते. अंधारात हा घाट उतरू नका. गवे रस्त्यावर येतात आणि काळं जनावर काळ्या रस्त्यावर हेडलाइटमध्ये अगदी शेवटी दिसतं.

पण आपल्याकडचा नोव्हेंबरातला मोठा धोका गवा नव्हे, ऊस आहे. कारखान्यांचं गाळप सुरू झालेलं असतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. २०१८ ला आमच्यातला एक पोरगा रविवारी रात्री गोव्याहून निघाला, सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून. तीन रात्रींची झोप नव्हती. आजऱ्याच्या अलीकडं मध्यरात्री अशाच ट्रॉलीच्या मागं आदळला. हसळीचं हाड मोडलं, चार महिने हात गळ्यात होता. मी त्याच्या पुढं दहा मिनिटांवर होतो आणि मला पत्ताही नव्हता. तेव्हापासून आमच्या ग्रुपचा नियम आहे, परत निघायचं ते सोमवारी सकाळी, रात्रभर झोपून. सोमवारची रजा मिळत नसेल तर शनिवारी दुपारी निघा, रविवार सोडा. रजा मिळत नाही आणि तीन दिवसही पुरे करायचेत, अशांना मी यंदा जाऊ नका असंच सांगतो.

ऊसदराचं आंदोलनही याच दिवसांत पेटतं. २०२३ ला आम्ही २३ तारखेला, गुरुवारीच निघालो होतो. पहाटेऐवजी अकराला निघालो, आणि शिरोली पुलाजवळ शेतकऱ्यांनी महामार्ग रोखलेला. पोरं चिडली. मी गाडी बाजूला लावली. माझ्या काकांचा दीड एकर ऊस आहे, भाव म्हणजे काय ते मला घरात दिसतं. तिथं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आमच्या गाड्या बघून विचारलं, कुठं निघालाय, आणि स्वतःच वाट सांगितली. मागं वळा, इचलकरंजीवरनं हुपरी धरा, कागलला निघाल. तसंच गेलो. तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी वर्तमानपत्राचं कोल्हापूरचं पान बघा आणि हुपरीचा रस्ता डोक्यात ठेवा.

राहायला वागातोरलाच पाहिजे असं नाही. त्या तीन दिवसांत तिथले दर चढलेले असतात. म्हापशात खोली घ्या, दहा-बारा किलोमीटर पडतं, बाजार जवळ आणि सकाळी सातला गरम पाव-भाजी मिळते. खोली सप्टेंबरात ठरवा. मेळ्याचं तिकीटही लवकर काढलेलं बरं. ज्या रात्री प्यायची त्या रात्री गाडीची चावी खोलीवर ठेवून टॅक्सीनं जायचं, यात मी कुणाचं ऐकत नाही. माझ्यासोबत यायचं तर हे कबूल करूनच.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. येऊन-जाऊन आणि तिथलं फिरणं धरून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर होतात, साडेतीनशे सीसीच्या गाडीला सतरा-अठरा लिटर लागतं. गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त असतं, म्हणून इकडनं जाताना पोचण्यापुरतं भरा आणि परत निघताना म्हापशात टाकी गळ्यापर्यंत. दुचाकीला महामार्गावर टोल नाही. खाण्याचं म्हणाल तर जयसिंगपूरला थांबून भडंगाची पिशवी घ्या. पार्किंगमध्ये ओळख काढायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. केरळच्या त्या गृहस्थांनी अर्धी पिशवी गावाकडं नेली.

सामानाचे स्टॉल बघून हात सैल होतो. जॅकेट, बूट तिथं अंगावर घालून बघा, मापं लिहून घ्या. घ्यायचंच असेल तर हातमोजे घ्या, मोज्याचं माप फोटोवरनं कधीच जमत नाही. बाकीचं परत आल्यावर डोकं शांत असताना ठरवा.

परतताना दारूच्या बाटल्या बॅगेत भरू नका. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कचा नाका आहे आणि परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. एका बाटलीपायी गाडी जप्त झाली की सोडवायला किती चकरा माराव्या लागतात ते आमच्या एका गिऱ्हाइकाला विचारा. काजू आणा, कोकम आणा.

सोमवारी सकाळी सातला म्हापसा सोडायचं, सावंतवाडीत मोती तलावाशी चहा, आंबोली चढून आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्यायचा. आमच्या घरी तो आणल्याशिवाय गोव्याहून आलो असं धरत नाहीत. दुपारी तीनपर्यंत सांगली. गाडी लगेच धुऊ नका, तशीच मळलेली गॅरेजला आणा. मातीवर तेलाचा डाग कुठं फुटलाय ते धुतल्यावर दिसत नाही. आणि जाण्याआधीच्या सर्व्हिसिंगसाठी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात या, दिवाळी कुठं पडते ते बघून. नोव्हेंबर उजाडला की माझ्याकडं एका दिवसात चारपेक्षा जास्त गाड्या मी घेत नाही.